मुठीचे तांदूळ

खोताची वाडी, गिरगाव
मंगळवार, २९ ऑक्टोबर १९९१

प्रिय तेकू,

आपल्या लहानपणची शनिवारची संध्याकाळ आठव. बाहेरच्या लाकडी जिन्यावर आपण दोघी, मी वरच्या पायरीवर, तू खालच्या, आणि मधे सिस्टर अगाथाने लिहून दिलेला कागद. रविवारचं शुभवर्तमान पाठ झाल्याशिवाय जेवण नाही, असा माईचा कायदा. आत बोंबील तळले जात असायचे आणि तुझं निम्मं लक्ष चुलीकडे. एक ओळ मी म्हणायची, पुढची तू. मला घाई फार, त्यामुळे मधेच दम लागून मी थांबायची. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण तूच मला शिकवायचीस, “बाय, श्वास वाक्याच्या आधी घे. मधे घेतलास की देवसुद्धा दचकतो.” माई आतून हसायची आणि मग हसल्याबद्दल स्वतःवर क्रूसाची खूण करायची.

तुम्ही सगळे बरे असाल अशी आशा आहे. वाचन-मंडळातल्या हिल्डाचा भाचा तुमच्या बाजूच्या चाळीत राहतो, त्याच्याकडून कळलं की रघुनाथरावांचा खोकला वाढला आहे आणि डॉक्टरांनी विडी बंद केली आहे. तू डबे करून देतेस, तेही कळलं. माझं ठीक चाललं आहे. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळी सहाला जाग येते आणि मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न पडतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. समोरच्या घराला पोपटी रंग लावला आहे, तो मला अर्ध्या डोळ्यानेसुद्धा सहन होत नाही.

हे पत्र बघून तू चकित होशील. नऊ वर्षांत नाताळच्या कार्डाखेरीज मी तुला काही पाठवलं नाही, आणि कार्डावर फक्त नाव. तीन दिवस झाले, मी हे पत्र लिहायला बसते आणि उठते. काल तर कपाटातले सगळे पडदे काढून धुतले, काही कारण नव्हतं.

आपल्या देवळात जूनपासून नवे फादर आले आहेत, फादर सिल्वेस्टर. तरुण आहेत, स्कूटरवरून फिरतात. त्यांनी आमच्या बुधवारच्या वाचन-मंडळासाठी एक नवी पद्धत काढली आहे. रविवारची वाचनं आम्ही आधीच्या बुधवारी एकत्र वाचतो, ते तर तुला माहीतच आहे. आता ते प्रत्येक आठवड्याला सायक्लोस्टाइल केलेला एक कागद देतात. वर वाचनांचे संदर्भ, खाली एकच प्रश्न. म्हणतात, शिष्य म्हणजे ऐकणारा नव्हे, सोमवारी सकाळी उठून त्याप्रमाणे करणारा. गेल्या आठवड्यात आंधळ्याला दृष्टी मिळाली आणि तो येशूच्या मागे चालू लागला, ते वाचन होतं. प्रश्न होता: तुम्ही कुणाच्या मागे चालता आणि कुठपर्यंत? हिल्डा म्हणाली, “मी माझ्या गुडघ्यांच्या मागे चालते फादर, जिन्यापर्यंत.” फादर इतके हसले की त्यांचा चष्मा पडला.

तर १० नोव्हेंबरचा रविवार हा ‘कारभारीपणाचा रविवार’ म्हणून ठरला आहे. त्याचा प्रश्न आधीच वाटून झाला: तुमच्याकडे ठेवलेली, पण तुमची नसलेली एक गोष्ट आठवा. ती कुणाची आहे? आणि त्या दिवशी मिस्सानंतर माझा सत्कार आहे. शाल, फुलं आणि चार शब्द. नऊ वर्षं मुठीचं पिंप सांभाळल्याबद्दल. पहिलं वाचनही मीच करायचं आहे.

वाचन कोणतं, ते तुला सांगायला नको. दुष्काळातल्या त्या विधवेचं. घरात मूठभर पीठ उरलं आहे, ते भाजून मुलाला घालायचं आणि मग मरायचं असं ती ठरवते, आणि तेवढ्यात दारात संदेष्टा येऊन म्हणतो, आधी मला दे.

आपली वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात. हे एकदा ब्याऐंशी साली आलं. पंच्याऐंशी साली आलं तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली उत्तनला मावसबहिणीकडे निघून गेले. यंदा घसा ठणठणीत आहे आणि मावसबहीण मार्चमध्ये वारली.

जे तुला ठाऊक आहे तेच आता लिहिते, कारण माझ्या बाजूने ते कसं होतं हे तू पाहिलेलं नाहीस.

ब्याऐंशीच्या त्या नोव्हेंबरात गिरण्यांच्या संपाला दहा महिने होत आले होते. लालबाग-परळच्या घरांतून तांब्याची भांडी बाहेर पडत होती. आमच्या मंडळाने त्या उन्हाळ्यातच ठरवलं होतं की नुसतं वाचून उठायचं नाही. भात चढवताना प्रत्येकीने एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि आठवड्याचे मिळून बुधवारी रुमालात बांधून आणायचे. वाचनाला रिकाम्या हाताने यायचं नाही, हा रिवाज तेव्हापासूनचा. पप्पांनी डॉकयार्डातून आणलेलं पत्र्याचं पिंप मी पडवीत ठेवलं. दर शनिवारी त्यातून संपवाल्यांच्या चौदा घरी तांदूळ जायचे, पार शिवडीपर्यंत. कुणाला किती, हे मी ठरवायची. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला.

पहिल्याच बुधवारी मी एक नियम घालून दिला. मंडळातल्या कुणाच्याही नातेवाइकांना यातून द्यायचं नाही, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी किती काटेकोर आहे, असं देवळाच्या पायऱ्यांवर बोललं गेलं, ते मी मागे उभी राहून ऐकलं.

तेकू, आम्हा अकरा बायकांत कुणाचाही नवरा, भाऊ किंवा जावई गिरणीत नव्हता. सगळी घरं डॉकयार्डवाली, रेल्वेवाली, बँकवाली. त्या नियमात सापडणारं माणूस एकच होतं आणि ते लालबागला राहत होतं. नियम सांगताना मला ते माहीत होतं.

मी तुझ्यावर का रागावले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. तू मिलच्या शिवणवर्गात शिकवायला गेलीस, तिथे रघुनाथराव भेटले, तुम्ही रजिस्टर लग्न केलंत. पप्पा तीन महिने जेवताना बोलले नाहीत. हे तुला माहीत आहे. त्याच वर्षी वसईहून माझ्यासाठी आलेलं स्थळ परत गेलं, आणि त्यानंतर दुसरंही, हे तुला माहीत नाही. त्या लोकांनी कारणही सांगितलं होतं. मी तेहेतीस वर्षांची होते. मग कुणी आलं नाही.

ब्याऐंशी सालच्या त्या बुधवारी तू साडेसहालाच आलीस, बाकीच्या यायच्या आधी. शिवणवर्गही बंद झाला होता. तुझ्या काखेत घडी केलेली पिशवी होती. बसली नाहीस. दाराच्या चौकटीला धरून म्हणालीस, “बाय, या आठवड्यापुरतं बघ ना. सुनेत्रा वाढत्या अंगाची आहे.”

नियम तुझ्या तोंडावर सांगायचं मला धैर्य झालं नाही. मी म्हटलं, “पिंप रिकामं झालंय गं. शनिवारीच सगळं गेलं.”

तू “बरं” म्हणालीस आणि वळलीस. तेवढ्यात हिल्डा आली, तिने तुझा दंड धरला. “अगो तेक्ला! किती वर्षांनी! जातेस कुठे, वाचन होऊ दे.” तिने तुला आत ओढून बसवलं. मग एकेक जण यायला लागली आणि पिंपात आपापले तांदूळ ओतायला लागली.

रिकाम्या पिंपात तांदूळ पडले तर पत्रा वाजतो. दहा जणींनी ओतले. एकदाही वाजला नाही. मी खाली मान घालून पुस्तकाची पानं उलटत होते, आणि तू ऐकत होतीस, हे मला न बघताच कळत होतं.

शेवटी तू उठलीस. मला वाटलं, आता जाशील. तू पदराची गाठ सोडलीस. तू रिवाज ऐकून होतीस, म्हणून एक मूठ घेऊन आली होतीस. मागायला येतानासुद्धा. तू झाकण उचललंस, काठापासून वीतभर खाली आलेले तांदूळ बघितलेस, आपली मूठ त्यात सोडलीस आणि झाकण आवाज न करता ठेवलंस.

वर हिल्डा म्हणाली, “आज तेक्ला वाचेल. हिचा आवाज काय गोड होता.” आणि तू वाचलंस. विधवेचं मूठभर पीठ तू वाचलंस, माझ्या घरात, माझ्यासमोर, आणि एका वाक्याच्याही मधे श्वास घेतला नाहीस.

त्या रविवारी देवळात मी तेच वाचलं. जुने फादर म्हणाले, इतकं मनापासून वाचलेलं ऐकलं नव्हतं.

मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. ते लिहिणं सोपं आहे, आणि मग उत्तर देण्याचं काम तुझ्यावर पडतं. मी पुढच्या बुधवारी, सहा तारखेला, हे मंडळात सांगणार आहे. सत्काराच्या आधी त्यांना कळायला हवं. तुझं नाव घेऊ की नको, एवढंच कळव. नको म्हणालीस तर ‘एक बाई’ म्हणेन.

आणखी काही आहे, पण आज माझ्याने एवढंच होईल.

रघुनाथरावांना नमस्कार, सुनेत्राला आशीर्वाद.

तुझी बाय,
जसिंता


खोताची वाडी
गुरुवार, ७ नोव्हेंबर १९९१

प्रिय तेकू,

तुझा फराळ मिळाला. चकल्या माईसारख्या झाल्या आहेत, म्हणजे जरा कडक. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

तू पत्राचं उत्तर पत्राने देशील अशी मी वाट बघत होते. दिवसातून चार वेळा जिना उतरून पेटीत डोकावत होते. काल सहा वाजता दारात एक उंच मुलगी उभी राहिली, हातात स्टीलचा डबा, आणि म्हणाली, “मावशी, ओळखलंस? लास्ट टाइम बघितलंस तेव्हा मला दोन वेण्या होत्या.”

मी तिला बस म्हणायलाही विसरले. तीच बसली. तुझी लेक तुझ्यासारखी मुळीच नाही. किती भरभर बोलते! म्हणाली, “टेन्शन घेऊ नकोस. आईने लेटर तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा बसून, तिसऱ्यांदा बाबांना मोठ्याने.”

“बाबांना?”

“मग? नऊ वर्षं बाबा चाळीत तुझं नाव सांगत फिरतायत. कुणी काही मागायला आलं की सुरू: ‘माझी मेहुणी बघा. सख्ख्या भयणीकय दिल्यान नाय. अशी माणसां आता शोधून गावाची नाय.’ आईने त्यांना सांगितलं होतं की तुझ्याकडे होतं, पण दुसऱ्यांसाठी ठेवलेलं होतं, म्हणून तू दिलं नाहीस.”

तेकू, तू हे का केलंस? माझं खोटं झाकायला तू तुझ्या नवऱ्याशी खोटं बोललीस. मी विचारलं, “आता पत्र ऐकून काय म्हणाले?”

“उठून विडी शोधायला लागले. मीच लपवलीय, सापडणार कुठून?”

मग तिने तुझा निरोप सांगितला, बोटांवर मोजत, काही राहू नये म्हणून. नाव घे म्हणाली, आणि अख्खं नाव घे, एक बाई-बिई नको. दुसरं म्हणजे, “आई म्हणाली, तू सरळ ‘देत नाही जा’ म्हणाली असतीस ना, तर मी भांडले असते आणि भांडून दोन पायल्या घेऊन गेले असते. तू रिकामं म्हणालीस, म्हणून भांडता आलं नाही. राग त्याचा आहे.” आणि तिसरं, रविवारी वाच. श्वास आधी घे.

मी स्वयंपाकघरात चहा करायला गेले आणि बराच वेळ आले नाही. चहा उतू गेला.

सुनेत्रा वाचनाला थांबली. “रिकाम्या हाताने चालत नाही ना?” म्हणाली आणि तुझ्या डब्यातल्या चार करंज्या ताटलीत काढून मधे ठेवल्या. मी सगळं सांगितलं. नियम सांगितला, तो मी का केला ते सांगितलं, पिंप किती भरलेलं होतं ते सांगितलं. तुझं नाव घेतलं.

काय होईल असं मला वाटलं होतं, कोण जाणे. हिल्डा म्हणाली, “एवढंच? मला वाटलं, तू देवळातली दानपेटी फोडलीस.” सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, नियम होता, तू पाळलास, त्यात काय. हिल्डाची सून बर्नी तेवढी हसली नाही. ती नवी आहे, तिला त्या वेळचं काही माहीत नाही. तिने साधंच विचारलं, “पण आंटी, तुम्ही तेव्हा या सगळ्यांना विचारलं असतं, तर यांनी नाही म्हटलं असतं का?”

हिल्डा करंजी हातात धरून बसली. मग हळूच म्हणाली, “तेक्लाला? तेक्लाला आम्ही पिंपासकट दिलं असतं गो.”

मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

मग फादरांच्या कागदावरचा प्रश्न आला. ‘तुमच्याकडे ठेवलेली, पण तुमची नसलेली एक गोष्ट.’ सुनेत्राने वाचला. म्हणाली, “मावशी, तुझं उत्तर पिंप ना?”

मी “हो” म्हटलं.

सगळ्या म्हणाल्या, हे सांगायला धीर लागतो. हिल्डाने माझी पाठ थोपटली. एकीने तर म्हटलं, रविवारी फादरांना सांगू या, शालीला आता दुप्पट कारण आहे. आणि मी, तेकू, मी तिथे बसून ते ऐकून घेतलं. जसं नऊ वर्षांपूर्वी देवळाच्या पायऱ्यांवर ऐकून घेतलं होतं.

सुनेत्रा कपबशा उचलायला उठली तेव्हा तिच्या हातात दोनच काचेच्या बांगड्या दिसल्या. मी विचारलं, काम काय करतेस. म्हणाली, “अकरावी सोडली ना, त्या बुधवारनंतरच्या जानेवारीत, तेव्हा शिवडीच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले होते. आता तिथेच सुपरवायझर आहे, बरं का! दहा पोरी आहेत हाताखाली.” अभिमानाने सांगितलं. मला वाटतं, तिला त्याचं दुःख नाही. तुला आहे की नाही, मला माहीत नाही.

ती गेल्यावर मी माईचं कपाट उघडलं.

आता जे लिहायचं आहे ते मी गेल्या पत्रात लिहिलं नाही आणि काल तुझ्या मुलीच्या तोंडावर सांगितलं नाही. पिंपाचं सांगून टाकलं म्हणजे हे सांगावं लागणार नाही, असं मला मनातून वाटत होतं. तू पिंपासाठी मला वाच म्हणालीस. यासाठी म्हणशील की नाही, मला माहीत नाही.

माई चौऱ्याहत्तर साली गेली, त्याच्या आधीच्या आठवड्यात तिने मला बिछान्याजवळ बसवून घेतलं आणि हातातल्या पाटल्या काढल्या. हात इतके वाळले होते की साबण लावावा लागला नाही. चार पाटल्या. दोन माझ्या हातावर ठेवल्या, दोन रुमालात बांधल्या. म्हणाली, या तेकूच्या. ती देवळात परत आली की तिला दे.

वरचं शेवटचं वाक्य मी खोडत नाही. तसंच ठेवते, म्हणजे तुला दिसेल की आत्ता, हे लिहिताना, एकसष्ट वर्षांची होऊनसुद्धा, मी काय करते. माई तसं म्हणाली नव्हती. माई फक्त म्हणाली, “या तेकूच्या.” देवळाची अट माझी. तिच्या दफनाच्या दिवशी तू मागच्या बाकावर बसली होतीस, तेव्हा रुमाल माझ्या पर्समध्ये होता. मी मनाशी म्हटलं, आधी हिला देवळात येऊन लग्नाला आशीर्वाद घेऊ दे, मग देईन. नंतर मलाच खरं वाटायला लागलं की माईनेच तसं सांगितलं होतं. मी इतक्या वेळा मनात तिच्या आवाजात ते वाक्य ऐकलं आहे.

आणि माझ्या स्वतःच्या अटीप्रमाणेसुद्धा तू आली होतीस. त्या बुधवारी तू माझ्या घरात बसून शास्त्र वाचलंस. पडवीत पिंप होतं, आणि भिंतीपलीकडे कपाटात तुझ्या पाटल्या होत्या. तू एका आठवड्याचे तांदूळ मागत होतीस. त्या पाटल्यांवर तुमचं घर वर्षभर चाललं असतं, आणि सुनेत्राचं कॉलेजही. तू वाचत असताना मला हे सुचलं होतं. मागाहून नाही, तेव्हाच सुचलं होतं. मी तुझ्या आवाजाकडे लक्ष दिलं, शब्दांकडे दिलं नाही.

मी पिंप विश्वासाने सांभाळलं, असं सगळे म्हणतात. ते खरंही असेल. दुसऱ्याचं सांभाळणं मला जमतं. ज्याचं त्याला देण्याची वेळ आली की मी एक नियम करते.

आज सकाळी मिस्सानंतर मी फादर सिल्वेस्टरना गाठलं. शाल नको म्हटलं. ते म्हणाले, तेक्लाबाईंची हकिकत हिल्डाबाईंनी कानावर घातली आहे, त्यात एवढं काय, माणूस चुकतं. मी म्हटलं, “ते नाही फादर, दुसरं आहे, आणि ते मी आधी जिचं आहे तिला सांगणार.” त्यांनी आणखी विचारलं नाही. फक्त म्हणाले, “मग रविवारचं वाचन?” मी सांगितलं, शनिवारी माझं एक काम आहे. ते झालं तर वाचीन. नाही झालं तर बर्नी वाचेल. तिला मी आज दुपारी शिकवणार आहे.

शनिवारी चार वाजता मी तुझ्याकडे येते आहे. तुझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि मी तुझ्या चाळीचा जिना एकदाही चढलेले नाही. बर्नी लालबागच्या नाक्यापर्यंत सोबत येईल, डोळ्यामुळे. वर मी एकटी येईन. दार उघडायचं की नाही, ते तुझ्यावर आहे. उघडलं नाहीस तर वस्तू शेजारणीकडे ठेवून जाणार नाही. परत नेईन आणि पुढच्या शनिवारी घेऊन येईन.

तू दारात माझ्याशी भांडायला लागलीस तर काही राहून जायला नको, म्हणून काय कुणाचं, ते इथेच लिहिते.

दोन पाटल्या तुझ्या. सुनेत्राच्या नाहीत, तुझ्या. ‘लेकीसाठी ठेवते’ म्हणून कपाटात टाकू नकोस. विकाव्याशा वाटल्या तर वीक, घालाव्याशा वाटल्या तर घाल. मला सांगू नकोस.

माझ्या वाट्याच्या दोन पाटल्या सुनेत्राला. जुन्या घडणीला तिने आणि तिच्या हाताखालच्या पोरींनी हसून घेतलं तरी चालेल, पण गोडाऊनमध्ये घालून जाऊ नये.

पप्पांचं मनगटी घड्याळ रघुनाथरावांना. पप्पांनी ते जावयाला द्यायचं म्हणून पेटीत ठेवलं होतं, आणि जावई त्यांना एकच झाला. त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. चाळीत माझं नाव सांगणं त्यांनी आता थांबवावं, एवढं मात्र तू आधी सांग.

माईचं लाल चौकटींचं लुगडं आपल्या दोघींत अर्धं करू नये, ते अख्खं तू घे. मला तिच्या आवाजातलं खोटं वाक्य पुरे झालं.

पिंपाची किल्ली आजपासून बर्नीकडे. तिला मी एकही नियम सांगितलेला नाही. येत्या शनिवारचे तांदूळ चौदा घरांच्या जुन्या यादीवरून जायचे नाहीत, ती विचारून ठरवेल. तिने तुझं घर मोजलं तर नको म्हणू नकोस, आणि नाही मोजलं तर रागावू नकोस.

मला कुणी काही द्यायचं नाही.

तुझं इतकी वर्षं जपून ठेवणारी आणि तुला न देणारी,
जसिंता